नव्या सीझनचे बूट

पलसाण्यात कुणी 'सीझन' म्हणालं, तर तो माणूस काय काम करतो ते आधी विचारावं लागतं. आमच्या प्रोसेस हाउसमध्ये सीझन म्हणजे दिवाळीआधीचे दोन-अडीच महिने आणि नंतरची लग्नसराई. तेव्हा ग्रे कापडाचे टाके गेटपासून खात्यापर्यंत थप्प्या लावून पडलेले असतात आणि रजा मागायची सोय नसते. चलथाणच्या साखर कारखान्याकडे विचाराल तर सीझन म्हणजे उसाचा. दिवाळी उलटली की धुळे, नंदुरबार आणि डांगातून तोडणीवाले येतात, शेतांच्या कडेला त्यांची पालं पडतात. सकाळी काकरापारच्या कालव्याच्या रस्त्याने धावणाऱ्या आम्हा पाच-सहा जणांचा सीझन तिसराच. पाऊस थांबला आणि काळी माती बुटाला किलो-किलोने चिकटायची थांबली की तो सुरू होतो. मार्चचं ऊन चढलं की संपतो.

याच दिवसांत आपल्या मंडळातल्या पोरांच्या फोनवर नव्या बुटांची चर्चा रंगते. अमक्या मॉडेलचा पुढचा नंबर कधी येणार, त्याची टाच किती जाड, वजन किती ग्रॅमने घटलं. ज्यांनी अजून एक अर्धमॅरेथॉन धावलेली नाही त्यांनाही हे सगळं तोंडपाठ असतं. मला त्याचं हसू येत नाही. आम्ही क्रिकेटच्या बॅटी अशाच दुकानाच्या काचेतून पाहत मोठे झालो.

या वर्षी ही चर्चा आमच्या घरात शिरली ती भाचीमुळे. ती १९ वर्षांची आहे आणि गुजरात पोलीस भरतीची तयारी करते आहे. मुलींना १६०० मीटर धावायचे असतात, ९ मिनिटे ३० सेकंदांत. मुलग्यांना ५ किलोमीटर, २५ मिनिटांत. भरतीची जाहिरात कधी येईल ते कुणालाच सांगता येत नाही, पण आली की तयारीला वेळ मिळत नाही हे सगळ्यांना माहीत असतं. गणपतीच्या सुमारास तिने मैदानावर वेळ लावून पाहिली तेव्हा १० मिनिटे ५ सेकंद आली होती. पायात होते बारावीच्या पी.टी.चे पांढरे कॅनव्हासचे बूट, तळ कागदासारखा झालेला. आणि फोनमध्ये जपून ठेवलेला फोटो होता तेरा हजारांच्या एका बुटाचा, जो या सीझनला येणार येणार म्हणून ती जूनपासून वाट पाहत होती.

तेरा हजार. ताई घरी साड्यांना लेस लावायचं काम करते. एका साडीमागे तिला किती मिळतात ते इथे लिहीत नाही, पण तेरा हजारांना भागून पाहिलं तर उत्तर साड्यांच्या डोंगरात येतं. मेहुणे मिलमध्ये आहेत, त्यांचा बोनस दिवाळीला. म्हणजे बुटांचं जे काही व्हायचं ते दिवाळीलाच, असं ताईने जाहीर केलं आणि विषय मिटवला.

आप्पांनी तो मिटू दिला नाही. आप्पा म्हणजे माझे वडील, अमळनेरकडून सुरतेला आलेले, उधन्यात लूमवर आयुष्य काढलेले. त्यांचं म्हणणं सरळ होतं, तेही अहिराणीत: ''आमी काय बूट घालीसन पळनूत का?'' मग त्यांनी सावरपाड्याच्या कविता राऊतचा दाखला दिला. आदिवासी पाड्यातली पोर, अनवाणी धावायची, देशाला पदक आणलं. त्यानंतर बारामतीच्या लता करे. नवऱ्याच्या उपचाराला पैसे नव्हते म्हणून साठी ओलांडलेली ही बाई नऊवारी नेसून मॅरेथॉनमध्ये अनवाणी धावली आणि जिंकली. त्यांच्यावर सिनेमा निघाला, त्यात त्यांनी स्वतःच काम केलं. आप्पांनी तो पाहिला आहे आणि डोळे पुसले आहेत.

आपल्या घरांत ही दोन नावं फार घेतली जातात आणि घ्यावीतच. पण ती कोणत्या वेळी घेतली जातात ते पाहा. पोराने बूट मागितले की. कविता राऊत लहानपणी अनवाणी धावली हे खरं, पण २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरचं कांस्यपदक आणि त्याच वर्षी ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत रौप्य तिने घेतलं ते बूट घालून, नाशकात वर्षानुवर्षं शिस्तीत सराव करून. लता करे अनवाणी धावल्या कारण दुसरा इलाज नव्हता. एखाद्याकडे काय नव्हतं याची गोष्ट आपण सांगतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं की ते नसणं हीच त्याची ताकद होती.

आप्पांना मी इथिओपियाच्या अबेबे बिकिलाची गोष्ट सांगितली. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये तो मॅरेथॉन अनवाणी धावला आणि जिंकला, वेळ २ तास १५ मिनिटे १६ सेकंद. ही अर्धी गोष्ट सगळ्यांना माहीत असते. तो अनवाणी धावला कारण तिथे मिळालेले बूट पायाला नीट बसेनात आणि अनवाणी पळायची त्याला सवय होती. उरलेली अर्धी गोष्ट टोकियोची, १९६४ ची. शर्यतीच्या साधारण सहा आठवडे आधी अपेंडिक्सचं ऑपरेशन झालेलं, तरी तो पुन्हा जिंकला, २ तास १२ मिनिटे ११ सेकंदांत. तेव्हा त्याच्या पायात बूट आणि मोजे होते. आप्पांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, ''मग ऑपरेशनमुळे पोट हलकं झालं असेल.'' त्यांच्याशी वाद जिंकता येत नाही.

पण मला बोलायचं होतं ते त्यांच्या पायांबद्दल, आणि ते मी बोललो नाही. लूमच्या खात्यात बारा-बारा तासांच्या पाळ्या, पायात प्लॅस्टिकची चप्पल, नाहीतर तीही नाही. टाचांना कायमच्या भेगा, डाव्या पायाला कुरूप, सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली दहा पावलं भिंत धरून. अनवाणी पायांचं कौतुक करणाऱ्या माणसाच्या पायांकडे आमच्या घरात तोवर कुणी नीट पाहिलेलं नव्हतं.

तर एका बाजूला आप्पांचे अनवाणी पाय आणि दुसऱ्या बाजूला फोनमधला तेरा हजारांचा बूट. त्या फोटोतल्या बुटाबद्दलही थोडं सांगायला हवं, कारण पोरं ज्याची वाट पाहतात ते नेमकं काय आहे हे त्यांना कुणी सांगत नाही.

आधी नंबरांचं. नायकीचा पेगासस पहिल्यांदा १९८३ मध्ये आला, २०२४ मध्ये त्याचा ४१ वा नंबर निघाला. असिक्सचा जेल-कायानो १९९३ चा. हे नंबर आपल्या घरातल्या कालनिर्णयासारखे: दरवर्षी नवा येतो, भिंतीवरची जागा तीच. कधी तळाचा फोम बदलतो, कधी फक्त वरची जाळी आणि रंग. नवा नंबर आला की जुन्याची किंमत उतरते. म्हणून येणाऱ्या मॉडेलवर नजर ठेवणाऱ्या पोरांना माझं सांगणं असतं की वाट जरूर पाहा, पण नवा आल्यावर मागचा घ्या.

मग त्या जाड तळाच्या, आत कार्बनची पट्टी असलेल्या शर्यतीच्या बुटांचं. २०१७ पासून त्यांनी मॅरेथॉनचं चित्र बदलून टाकलं हे मान्य करायला हवं. हलका, दाबला की उसळून परत येणारा फोम आणि त्याला ताठ ठेवणारी पट्टी यांमुळे धावायला लागणारी ऊर्जा साधारण ४ टक्के वाचते असं सुरुवातीच्या चाचणीत दिसलं होतं. पहिल्या मॉडेलच्या नावातच '४%' होतं. १२ ऑक्टोबर २०१९ रोजी व्हिएन्नात इलियुड किपचोगे १ तास ५९ मिनिटे ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर धावला तो याच घराण्यातला बूट घालून. ती वेळ विक्रम म्हणून धरली गेली नाही, ती गोष्ट वेगळी. २०२० मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला नियम करावा लागला की रस्त्यावरच्या शर्यतीत बुटाचा तळ ४० मिलिमीटरपेक्षा जाड नको आणि आत एकापेक्षा जास्त ताठ पट्ट्या नकोत. २०२३ मध्ये टिगिस्ट असेफाने बर्लिनला २:११:५३ असा त्या वेळचा जागतिक विक्रम केला तो आदिदासच्या अशा बुटात, ज्याचं वजन १३८ ग्रॅम होतं. एका केळ्याएवढं. किंमत ५०० डॉलर, आणि एका मॅरेथॉनपुरताच तो बनवलेला.

आता हे सगळं भाचीच्या १६०० मीटरला लावून पाहा. वेग जितका कमी तितका या बुटांचा फायदा कमी होतो असं नंतरच्या चाचण्यांत दिसलं आहे. शिवाय जाड, मऊ तळावर पाय डुलतो. काँक्रीटवर ते चालून जातं, पण कालव्याच्या कडेला, ट्रॅक्टरने उखणलेल्या चाकोरीत, घोटा मुरगळायला तेवढं पुरे. तिला हवा होता रोज घालता येईल असा, माती खाणारा, साधा सरावाचा बूट.

धावताना दर पावलाला शरीराच्या वजनाच्या दोन-तीन पट भार पायावर येतो आणि किलोमीटरला साधारण हजार पावलं पडतात. बूट त्यातला थोडा वाटा उचलतो. ५०० ते ८०० किलोमीटरनंतर त्याचा फोम थकतो, वरून कितीही चकाचक दिसला तरी. अंगठ्याने दाबून पाहा: दबतच नसेल, किंवा दबून परत येत नसेल, तर त्याला बाजारात जायला ठेवा. टेबलावर ठेवून मागून पाहा: एका बाजूला कलला असेल तर धावायला नको. तिच्या कॅनव्हासच्या बुटांना मुळात फोमच नव्हता. सराव वाढवला की नडगीच्या आतल्या बाजूला दुखायचं, मग दोन दिवस सुट्टी, मग पुन्हा तेच. दहा मिनिटांच्या खाली ती येत नव्हती त्यामागे हे मोठं कारण होतं. भरतीसाठी पळणाऱ्या कितीतरी मुली इथेच गळतात आणि घरचे म्हणतात, तिला झेपलं नाही.

शेवटी ठरलं की बोनसची वाट पाहायची नाही. मी पैसे देतो म्हटल्यावर ताईने निम्मे आपले घातले, कारण भावाकडून पूर्ण घ्यायचं नाही हा तिचा जुना नियम. नवरात्रात एका रविवारी संध्याकाळी आम्ही सुरतेला गेलो. संध्याकाळ मुद्दाम निवडली. दिवसभरात पाय थोडे सुजतात, धावतानाही सुजतात, म्हणून बूट त्या वेळेच्या पायाला बसायला हवा. निघण्याआधी तिला कागदावर उभं करून पायाची कड पेन्सिलने काढली आणि टाचेपासून सर्वांत लांब बोटापर्यंत सेंटिमीटर मोजले. तिचं दुसरं बोट अंगठ्यापेक्षा लांब आहे, हे तिलाही नवीनच कळलं. हे माप महत्त्वाचं, कारण नंबरांचा गोंधळ मोठा आहे. इंग्लंडचा, अमेरिकेचा, युरोपचा आकडा वेगळा आणि बायकांचा त्यातही वेगळा. सेंटिमीटर मात्र सगळीकडे सारखाच. पुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. आपल्याकडे पोरांना वाढत्या मापाचे आणि मोठ्यांना घट्ट बूट घ्यायची पद्धत आहे. दोन्ही धावायला वाईट.

दुकानातल्या पोराने पहिलाच बूट पुढे केला: ''बेन, आ लेटेस्ट छे.'' तो घालून ती चार पावलं चालली आणि काढून ठेवला. टाच मागे निसटत होती.

मी मात्र तोवर दुसऱ्याच उद्योगात होतो. सवयच ती. फोल्डिंग खात्यात दिवसभर कापड तपासणाऱ्या माणसाच्या हातात बूट आला की तो आधी वरची जाळी बोटांत ताणून पाहतो. आपल्यापैकी अर्ध्या घरांचा पगार ज्यातून येतो त्याच कुळातली ती वस्तू: पॉलिस्टर. जॉर्जेटची साडी आणि बुटाची जाळी यांचं विणकाम वेगळं, पण धागा त्याच जातीचा. तो साध्या गरम पाण्यात रंग धरत नाही. बंद जेटमध्ये दाबाखाली १३० अंशांपर्यंत न्यावा लागतो, तेव्हा कुठे रंग आत शिरतो. मग स्टेंटरवर ताणून उष्णतेने त्याची रुंदी पक्की करतात. भाचीला मी हे दुकानात सांगू लागलो तर ती म्हणाली, ''मामा, तू बूट घ्यायला आलायस की कामावर?'' तिचं बरोबर होतं. पण पॉलिस्टर पाणी धरत नाही, लवकर वाळतं, म्हणून ही जाळी कॅनव्हासपेक्षा बरी, एवढं तरी तिला पटलं. पाण्याचं महत्त्व तिला तसंही माहीत आहे. बीडच्या मांडव्याचा अविनाश साबळे हा तिचा आवडता. त्याच्या ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि वर ७ पाण्याच्या उड्या असतात. पहिल्याच फेऱ्यांत बूट भिजतो आणि पुढची सगळी शर्यत ओल्या बुटात. फोनच्या पडद्यावर मात्र तिने सरिता गायकवाडला ठेवलं आहे. सरिता आपल्या शेजारच्या डांगातली, आधी खो-खो खेळायची. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत ४ × ४०० मीटर रिलेचं सुवर्ण आणलं आणि पुढे गुजरात पोलिसांत डीवायएसपी झाली. धावणं आणि वर्दी या दोन्ही गोष्टी एकाच बाईत दिसतात, म्हणून ती.

तिसरा जोड तिला बसला. मागच्या वर्षीचा नंबर, राखाडी रंग, कुणाला नको असलेला. ती दुकानाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत तीनदा पळाली, गिऱ्हाइकं बाजूला झाली. किंमत २५०० च्या आत. याचंही एक कारण होतं: २२ सप्टेंबर २०२५ पासून २५०० रुपयांपर्यंतच्या जोडीवर जीएसटी ५ टक्के झाला आहे, त्याच्या वरच्या जोडीवर १८. कापडाच्या शहरात जीएसटीचा विषय निघाला की कुणी गप्प बसत नाही. दुकानदारानेही आपलं म्हणणं दहा मिनिटं ऐकवलं.

एक सावधगिरीची गोष्ट. बाहेर टपऱ्यांवर 'फर्स्ट कॉपी' मिळते, तेरा हजारांच्या बुटाची नक्कल बाराशेत. नाव तेच, रंग तोच. हातात घेऊन तळ वाकवून पाहा. खरा सरावाचा बूट बोटांच्या सांध्यापाशी वाकतो, नक्कल मधोमध वाकते किंवा वाकतच नाही. तेवढ्या पैशांत कॅम्पस, स्पार्क्स किंवा निवियाचा साधा, स्वतःच्या नावाचा बूट घ्यावा. ग्राउंडवर भरतीची पोरं तेच घालतात आणि धावतात.

घरी आल्यावर आप्पांनी एक बूट उचलून हातावर तोलला, बॉबिनचं वजन पाहावं तसा. आत बोटं घालून पाहिली. किंमत विचारली, ऐकली, काही बोलले नाहीत. पुढच्या आठवड्यात परतीच्या पावसात ती पूर्ण भिजून आली, तेव्हा बूट उन्हात ठेवायला निघालेल्या ताईला त्यांनीच थांबवलं. कडक उन्हात डिंक सुटतो, हे त्यांना मी सांगितलेलं नव्हतं. लूमच्या पट्ट्यांवरून त्यांना ठाऊक असावं. आतलं सुकतळं काढलं, जुना पेपर चुरगाळून कोंबला आणि जोड पंख्याखाली आडवा ठेवला. रात्री एकदा उठून पेपर बदलला. आता पाऊस गेला तरी संध्याकाळी बूट पुसणं हे काम त्यांनी कुणाला दिलेलं नाही. मी पुढच्या रविवारी त्यांना एक मऊ तळाची चप्पल आणली. पाच दिवस खोक्यात होती, सहाव्या दिवशी पायात दिसली.

भाचीचा सराव आता नीट चालू आहे. दोन दिवस सावकाश चार किलोमीटर, एक दिवस ४०० मीटरचे तुकडे मध्ये विश्रांती घेऊन, एक दिवस पूर्ण सुट्टी. नडगीचं दुखणं कमी झालं आहे. सलग तीन आठवडे ती एकही दिवस चुकली नाही, हे यंदा पहिल्यांदाच. काल मैदानावर वेळ लावली, ९ मिनिटे ४१ सेकंद. २४ सेकंद उतरले त्यातले बुटाचे किती आणि रोज पाच वाजता उठण्याचे किती, ते मला वेगळं करून दाखवता येणार नाही. उठण्याचे जास्त असावेत. अजून ११ उतरवायचे आहेत.

तेरा हजारांच्या बुटाचा फोटो तिने पुसलेला नाही. पहिल्या पगारातून घेणार आहे म्हणते. तोवर त्याचा नंबर दोन-तीनने पुढे गेलेला असेल आणि हा मागचा स्वस्त झालेला असेल, असा तिचा हिशेब आहे.